माझ्या बाबांची जीभ

दिवाळीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याची कडू बी जिभेला लावली, की मला मालवणच्या शाळेतला तो कागद आठवतो.

साठ सालच्या आसपास मुंबईहून आलेल्या एका संशोधकांनी आमच्या जिभांवर औषध लावलेल्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. सगळा वर्ग कडू, कडू म्हणत थू थू करत सुटला. मला मात्र काहीच लागलं नाही.

"खोटां सांगता ही!" मुली ओरडल्या.

शाळेशेजारीच जाळं विणत बसलेले बाबा गलका ऐकून आले आणि त्यांनीही पट्टी चघळली. "माकाय नुसतो कागदच लागता!"

हा कडूपणा न लागणं आईबापांकडूनच येतं, असं संशोधक म्हणाले. रूपाने मी सगळी आईवर गेलेली.

"आयकलात मास्तर?" बाबा आमच्या गुरुजींना म्हणाले. "जीभ माझी आसा तिची!"

त्या संध्याकाळी बंदरावर भेटेल त्याला थांबवून बाबा मला जीभ दाखवायला लावत होते, आणि मीही मान ताठ करून दाखवत होते.