सोमवारचा साबुदाणा

वडिलांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं साबुदाण्यावरून झाली. त्यांना गिळता येत नव्हतं. मंचरच्या दवाखान्यातून सोडताना नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती आणि सिस्टरने बजावलं होतं, की पातळ आणि गाळलेलंच द्यायचं. आठवडाभर आई डाळीचं पाणी, दूध नीट गाळून द्यायची. सोमवार आला की मात्र साबुदाण्याची पेज.

"आई, नळी तुंबेल."

"इतका मऊ दाणा. बोटानं चेपतोय. त्यो कशाला अडकतोय?"

"मऊ आहे म्हणूनच अडकतो."

"मंग काय खडं घालू?"

घरातला पहिला पदवीधर मी, तोही सायन्सचा. तिला समजावण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. दोन-चार दाणे सुटे असले तर सरकतात. पण पेज नळीत सोडायच्या पिचकारीचा दट्ट्या जोरात दाबला की सगळे एकदम नळीच्या तोंडाशी येतात, चेपून एकमेकांना चिकटतात आणि बूच बसतं. जितका जोर लावाल तितकं ते घट्ट होतं. अशा वेळी दट्ट्या जरा मागे ओढायचा, दाणे सैल होऊ द्यायचे, मग कोमट पाणी सोडायचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दट्ट्या दाबला.

गाळून दे म्हटलं तर, "गाळल्यावर राहतंय काय त्यात?" शिंगाड्याच्या पिठाची पातळ पेज कर, तीही उपासाला चालते, म्हटलं तर, "शिंगाड्यानं त्यांना वायू होतो." शेवटी वैतागून त्यांचा उपासच सोड म्हणालो, तेव्हा तिने पातेलं खाली ठेवलं.

"तू कालिजात गेलास तवा धरलेत त्यांनी सोमवार. पास झालास तरी सोडलं न्हाईत. आता मी मोडू व्हय?"

दुसऱ्याच्या रानात बटाटे काढून ज्यांनी मला शिकवलं, त्यांचा उपास मोडायचा अधिकार मला कुठून आणायचा?

पण तुंबलेली नळी दवाखान्यात जाऊन काढून नवी घालावी लागायची. वडिलांना बोलता येत नव्हतं. नळी आत जाताना त्यांचे डोळे भरून यायचे आणि चांगला हात माझं मनगट पिळवटायचा. हे त्यांना पुन्हा सोसायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. आई दर वेळी बाहेर बाकावर डोळे मिटून जप करत बसलेली असायची.

तिसऱ्यांदा नळी तुंबली तेव्हा नवी नळी आणायला मी मेडिकलमध्ये गेलो. नळी सिस्टरच्या हातात दिली, तर बिलाचे सुटे पैसे द्यायला मला परत पिटाळलं. तेवढ्यात डॉक्टर आले आणि वडिलांचा हात धरायला आईला आत बोलावलं. मी परतलो तेव्हा ती पलंगाजवळ उभी होती, मनगटावर बोटांचे वळ घेऊन. घोडेगावला घरी येईपर्यंत जीपमध्ये ती वडिलांचा तो हात मांडीवर धरून बसली.

पुढच्या सोमवारी तिने डाळीचं पाणी केलं, दोनदा गाळलं आणि हळूहळू सोडलं.

"आणि उपास?" मी विचारलं.

"त्यांचा मी धरते."

तिची स्वतःची चतुर्थी होतीच. वर आता हे सोमवार, तेही नुसत्या चहावर, दिवसभर खुरपून. दुपारी चक्कर येऊन बांधावर बसली, तेव्हा माझा पुन्हा संताप झाला. निदान वाटीभर खिचडी तरी खा म्हणालो.

"साबुदाणा नगं," ती म्हणाली. "त्यो आता घशाखाली उतरत न्हाई."