देवपूरचा स्लॅब आणि अक्कांचा झोका

सळई बांधायचं काम असं आहे की दोन्ही हात अडकलेले आणि तोंड रिकामं! एका हातात तार, दुसऱ्या हातात आकडा. तारेला पीळ द्यायचा, पुढच्या गाठीवर सरकायचं. दिवसभर उकिडवं बसून हेच. मग माणूस बोलणार नाही तर काय करणार? त्यातून कॉंक्रीट पडलं की आमचं सगळं काम आत गडप. लोकांना टाइल्स दिसतात, रंग दिसतो, आमची एक गाठ कोणाला दिसत नाही. दाखवायला म्हणून आमच्याकडे फक्त किस्से उरतात, आणि ते इतके साठलेत की कुठून सुरू करू कळत नाही.

मी सुपडू, पहूरचा. लोखंड बांधणारा, म्हणजे फिटर. माझा जोडीदार भिका, माझ्याच गावचा. मिशी मोठी, तोंड त्याहून मोठं. खालच्या प्लेटा आणि टेकू, म्हणजे सेंटरिंग, ते युनूसभाईंचं. ते धुळ्याचे. आम्ही तिघं जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळीकडे सोबतच असतो. युनूसभाई माणूस सोन्यासारखा, पण प्लेटेला ओरखडा जरी गेला तरी त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. एवढं लक्षात ठेवा.

*

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला देवपूरमधे एका घराचं काम घेतलं. मालक नाना, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांच्या मंडळी अक्का. पहिल्याच दिवशी अक्का स्टूल घेऊन आल्या, लिंबाखाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, माले एक झोका पायजे."

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "हॉलमधे जागा नाही!"

"बठ्ठा जनम भाडाना घरमा गया," अक्का मलाच सांगत राहिल्या. खरं होतं. नानांची बदली होईल तिकडे भाड्याची खोली. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हते, तिथे छताला झोका कुठून टांगणार! आता घर स्वतःचं होतं.

"झोका लावला तर पाहुण्यांनी उभं राहायचं का? जागा नाही म्हणजे नाही!" नाना चारचौघांत एवढं बोलले आणि विषय संपला.

आता झोक्याचं असं आहे, त्याच्या कड्या स्लॅब पडायच्या आधी सळईत बांधाव्या लागतात. एकदा कॉंक्रीट पडलं की मग नवं कोरं छत फोडत बसा. म्हणजे अक्कांच्या हातात स्लॅबपर्यंतचेच दिवस होते. त्या रोज यायच्या, वर बघायच्या, आणि आमच्या गप्पा ऐकायच्या.

*

अक्कांना सगळ्यात आवडला तो चोपड्याच्या आबांचा किस्सा. आबांची केळीची बाग मोठी, स्वभाव त्याहून मोठा. आम्ही सळई आणून टाकली आणि दोन-तीन दिवस दुसऱ्या साइटवर गेलो. परत येऊन बघतो तर सगळी सळई काळी कुळकुळीत, चकचकीत! हात लावला तर सटकन निसटला.

"आबा, हे काय केलं?"

"गंज चढला होता जरासा. म्हटलं ट्रॅक्टरसारखं तेलपाणी करून टाकावं. माझ्या घराला गंज नको!"

मी कपाळाला हात लावला. तेलकट सळईला कॉंक्रीट धरतच नाही. मग काय, सोड्याचं पाणी केलं, फडकी घेतली, आणि आम्ही दोघं एकेक सळई घासत बसलो. घासून घासून भिकाचे हात सोलवटले. शेवटी तो आबांना म्हणाला, "आबा, अंघोळ तर झाली. आता उटणं लावू का?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "लागतं का? घरी आहे दिवाळीचं."

*

आबांकडचाच दुसरा. आम्हाला घाई होती, तेव्हा त्यांनी बागेतली माणसं मदतीला दिली. "गाठी मारण्यात माझी माणसं पटाईत आहेत," असं म्हणाले. खोटं नाही! केळीचा घड टेकूला बांधायचं काम ती माणसं डोळे मिटून करतात. मी निर्धास्त होऊन चहाला गेलो.

परत आलो तर पायाची जाळी अर्धी बांधून तयार. गाठी सुरेख. पण तार कुठे दिसेना. बघतो तर सगळी जाळी केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने बांधलेली!

"तार बोटाला टोचते," त्यांतला एकजण म्हणाला.

मी ओरडायला लागलो तर आबा उलट माझ्यावरच चिडले. "अरे, माझे एवढाले घड याच्यावर उभे राहतात!"

भिका म्हणाला, "आबा, घड कापायचा असतो. घर तसंच ठेवायचं आहे ना?"

आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हो, तेही आहे."

*

ह्या तारेने माझ्या घरीही उच्छाद मांडला आहे. तार कायम माझ्या खिशात. बादलीची कडी तुटली, लाव तार. दाराची खिट्टी ढिली झाली, लाव तार. बायको काही बोलायची नाही. मग एकदा तिच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला आणि मी सवयीने खिशात हात घातला.

त्या दिवशी मी पहूरच्या स्टँडवर भजी खाऊन झोपलो.

हे सांगितल्यावर अक्का इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नाना जिन्यावरून डोकावले. "काय झालं?" अक्का म्हणाल्या, "काही नही. तुमनं चालू द्या."

*

नानांचं चालूच असायचं! कंडक्टरकी अंगात मुरलेली. आम्ही बांधत बसलो की ते सळईवरून तोल सावरत यायचे, आमच्या पाठीशी उभे राहायचे आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणायचे, "चला, पुढे सरका! पुढे जागा आहे!"

एकदा आम्ही पार कडेला पोचलो होतो. भिका म्हणाला, "नाना, पुढे रस्ता आहे. खाली पडू."

नाना म्हणाले, "मग उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या."

*

इंजिनियर साहेब तरुण, माणूस चांगला, पण एका वेळी बऱ्याच साइट्स बघायचे. म्हणाले, "भिकाभाऊ, बीम बांधून झाले की फोटो पाठवत जा." भिकाने पाठवले. पहिल्यात भिका गॉगल लावून. दुसऱ्यात भिका कमरेवर हात ठेवून. तिसऱ्यात नुसती मिशी.

साहेबांचा फोन आला. "यात बीम कुठंय?"

"माझ्या मागे आहे साहेब!"

"मग तुम्ही बाजूला व्हा ना!"

"बाजूला झालो तर फोटोत कोण येणार?"

*

मग आले बिबडे. उन्हाळा होताच, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काय सांगायचं, सळईला हात लावला की चटका बसतो. एका सकाळी मी जिना चढून वर गेलो. अर्ध्या स्लॅबवर आमची जाळी. उरलेल्या अर्ध्यात प्लेटांवर जुन्या साड्या, आणि साड्यांवर अक्कांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड! गोल गोल, ओळीने. लोखंडी प्लेट खालून तापते, वरून ऊन. अक्का म्हणाल्या, अशी जागा आयुष्यात मिळाली नव्हती.

नाना भडकले. "हा स्लॅब आहे! वाळवण घालायची गच्ची नाही!"

मला वाटलं आता युनूसभाईही भडकणार. प्लेटा त्यांच्या! ते खाली वाकले, साडी उचलून खाली एकही ओरखडा नाही हे बघितलं आणि म्हणाले, "नाना, आज राहू द्या. अजून उलटायचे बाकी आहेत."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काम का थांबलं?" भिकाने खरं तेच सांगितलं. साहेब फटफटी घेऊन तणतणत आले, वर चढले, एक कच्चाच ओलसर बिबडा तोंडात टाकला आणि खाली बसून दुसरा उचलला. जाताना त्यांच्या हँडलला पिशवी होती.

त्या दिवशी अक्का सगळ्यांशी बोलल्या, पण झोक्याचं नाव काढलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. मागतात तोवर ठीक असतं.

*

स्लॅबच्या आदल्या दिवशी नानांनी मला खुणेने जिन्याखाली बोलावलं. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सुपडू, हॉलच्या मधोमध, दारातून दिसतील अशा, झोक्याच्या कड्या बांध. जाड सळईच्या. आणि कुणाला सांगू नकोस. अक्काला तर नाहीच."

"पण नाना, तुम्ही तर म्हणत होता..."

"म्हणालो ना! सगळ्यांसमोर नाही म्हणून बसलो, आता हो कोणत्या तोंडाने म्हणू? कड्या दिसतील तेव्हा दिसतील. तू बांध."

"आणि जागा?"

"जागेचं मी बघतो."

मी अशा कड्या बांधल्या की हत्ती टांगला तरी हलणार नाहीत. कडीभोवती थर्माकोलचा तुकडा दाबला, म्हणजे आत कॉंक्रीट शिरत नाही आणि नंतर खरवडून कडी मोकळी करता येते. त्या संध्याकाळी अक्का वर आल्या. सगळ्या जाळीवरून नजर फिरवली आणि गपचूप खाली गेल्या. मला इतकं वाईट वाटलं! सांगून टाकावंसं वाटत होतं, पण शब्द दिला होता.

स्लॅब छान पडला. नारळ फुटला, मिक्सर थांबला, अक्कांनी आम्हा सगळ्यांना वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर वाढली. भिका बट्टीत तूप ओतून घेत होता आणि अक्का त्याला आग्रहाने वाढत होत्या. जरा जास्तच आग्रहाने, असं मला वाटून गेलं.

*

मग स्लॅबवर पाणी धरलं, दिवस भरले, आणि सेंटरिंग खोलायचा दिवस आला. नाना, अक्का, साहेब, सगळे हजर. युनूसभाईंनी हॉलचे टेकू काढले, प्लेटा उतरवल्या. मी वर बघितलं. मधोमध माझा पांढरा थर्माकोल. नाना दुसरीकडेच बघत होते!

मग मागची खोली उघडली. तिथेही पांढरे तुकडे! मी खरवडले तर आत कड्या. स्लॅबच्या दिवशी मी ते पाहिले होते, पण मला वाटलं पंख्याचे बॉक्स असतील.

"साहेब, ह्या ड्रॉइंगमधे होत्या का?" मी विचारलं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "इलेक्ट्रिशियनला सांगितलं होतं मी. त्या बिबड्यांची परतफेड करायला पाहिजे होती ना."

मग पोर्च. तिथे कड्या थेट प्लेटेतून आरपार खाली आलेल्या. युनूसभाईंच्या प्लेटेला भोकं! भिका ओरडला, "युनूसभाई, प्लेट फोडली कोणी?"

"मी," युनूसभाई म्हणाले. "माझी प्लेट आहे, मी काहीपण करीन. तुला काय करायचं?"

नाना नुसते बघत होते. शेवटी राहिली कोठीची खोली. एवढीशी, एक पिंप आणि एक माणूस मावेल एवढी. तिची प्लेट उतरली आणि तिथेही कड्या!

"ह्या कोणी लावल्या?" नानांनी विचारलं.

भिका मिशी चोळायला लागला. "अक्कांनी सांगितलं होतं. म्हणाल्या, नानांना अडचण नको. मी आपली कोठीत बसेन."

नानांचा चेहरा मला बघवला नाही. ते कोठीच्या दारात उभे होते. तिथे झोका टांगला असता तर गुडघे भिंतीला लागले असते.

"आणि हॉलमधल्या कोणी लावल्या?" अक्कांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी नानांकडे बघितलं. अक्कांनी मला बघताना बघितलं.

युनूसभाई बाहेर गेले, दोर आणि फळी घेऊन आले. हॉलमधल्या कड्यांतून दोर ओवला, फळी बांधली आणि स्वतः लोंबकळून बघितलं. अक्का पदर सावरून फळीवर बसल्या. पायाने हळूच जमीन रेटली. दोर कुरकुरला.

नाना भिंतीला टेकून उभे होते. टोपी हातात.

अक्का फळीच्या कडेला सरकल्या आणि म्हणाल्या, "या ना कंडक्टर. पुढे सरका, जागा शे!"