गडग्यावरचा मिस्ड कॉल

आमच्या फॅक्टरीत आंबा यायचा उन्हाळ्यात, किस्से मात्र बारमाही. आंब्याचा रस डब्यात भरून, झाकण लावून, मुंबईला पाठवून मोकळं होता येतं. किश्शांना तशी सोय नाही. चार जुनी माणसं भेटली की कोणीतरी म्हणतं, "तो सावंतांचा फोन आठवतो का रे?" आणि मग जेवण थंड होतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. मिरजोळ्याला आमची कॅनिंग फॅक्टरी. मी डिस्पॅचला होतो. ऑफिसात पहिला मोबाईल घेतला तो साहेबांनी नव्हे, अकाउंट्सच्या सावंतांनी. कारण विचारलं तर म्हणाले, "सुप्रियासाठी स्थळं बघतोय. चांगलं स्थळ यायचं आणि आपला फोन डेड असायचा, असं नको."

फोन चामड्याच्या पाउचमध्ये, पाउच पट्ट्याला, आणि स्क्रीनवरचा प्लास्टिकचा कागद तसाच! रेंज मात्र फक्त बॉयलर रूमच्या मागे, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, चढलं तरच. त्यामुळे सावंत निम्मा दिवस गडग्यावर असायचे. साहेब एकदा म्हणालेच, "सावंत, तुमचं टेबल वर चढवून देऊ का?"

सावंतांनी मान्य केलं असतं. विनोद त्यांना सहसा कळत नसे.

*

आता गंमत अशी, की फोन बोलण्यासाठी असतो हे सावंतांना मान्य नव्हतं. "उचलला की पैसे, केला की पैसे. मिस्ड कॉल फुकट!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्या फोनवरून आउटगोइंग कॉल असा कधी गेलाच नव्हता.

घराशी त्यांचा कोड ठरलेला. एक रिंग म्हणजे थेट घरी या. दोन रिंगा म्हणजे येताना मासळी आणा. अशी एवढी सोपी पद्धत अख्ख्या टेलिफोन खात्याला सुचली नाही!

एका संध्याकाळी सुप्रियाला बघायला पाहुणे अचानक दारात आले. सावंतकाकूंनी घाईघाईने एक रिंग दिली. पण ती पोचली की नाही याची त्यांना शंका आली, म्हणून खात्रीसाठी आणखी एक दिली.

सावंत मोठी सुरमई घेऊन घरात शिरले. पिशवीतून शेपूट बाहेर. समोर बसलेले मुलाचे वडील माळकरी!

स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी सावंत तोंड पाडून बसले होते. मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. तर म्हणाले, "कोडमध्ये सुधारणा करायला हवी."

*

मग साहेबांनीही मोबाईल घेतला, आणि घेतल्याबरोबर त्यांना मोबाईलच्या मॅनर्सचं वेड लागलं. स्वतःचा फोन लागावा म्हणून मीटिंगा गडग्याजवळच्या फणसाखाली सुरू झाल्या. फणसाला पाटी लटकली, 'मीटिंगमध्ये मोबाईल बंद ठेवावेत.'

पहिल्याच मीटिंगमध्ये त्या पाटीचं महत्त्व साहेबांनी सविस्तर सांगितलं आणि त्यांचाच फोन वाजला. वहिनी होत्या. "हो... कोकमं भिजत घाल... नाही, नारळ मी आणतो... मिरची जास्त नको, मागच्या वेळी त्रास झाला होता..." आम्ही मान खाली घालून साहेबांच्या पोटाची हकिगत ऐकत होतो.

फोन ठेवून साहेब गंभीरपणे म्हणाले, "हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?"

आमचे आंबाखरेदीचे मुकादमभाई तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, "सोलकढीपर्यंत आलो व्हतो, साहेब!"

*

मुकादमभाईंचं मात्र सगळं उलट. मिस्ड कॉल देणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर थाप मारून पळून जाणं, असं त्यांचं मत. फोन करायचा तर रीतसर, घरची खुशाली विचारून.

ऐन सीझनमध्ये त्यांनी पाठवलेल्या ट्रकवाल्याचा बूथवरून फोन आला. आंबा कुठे उतरवायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. मुकादमभाईंनी आधी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग बहिणीच्या लग्नाची, मग नव्या विहिरीला पाणी लागलं का याची. विहिरीपाशी मुकादमभाईंचा बॅलन्स संपला, कारण तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे.

ट्रक हायवेला तसाच उभा. आंबा आत पिकून नुसता घमघमाट!

साहेब भडकले. मुकादमभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, आंबा परत येल पुढल्या वर्षी. माणसाला खुशाली नको विचारायला?"

*

आता जोशीबाई. टायपिंगला होत्या, आणि शिस्तीच्या अशा की एसएमएससुद्धा पत्राच्या मायन्यात. मेसेज टेबलावर बसून लिहायचा आणि गडग्यावर नेऊन पोस्ट करायचा.

एकदा साहेब मुंबईला असताना बॉयलर तपासायला सरकारी माणूस दत्त म्हणून हजर झाला. जोशीबाईंनी ऑफिसच्या मोबाईलवरून साहेबांना ताबडतोब कळवलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि तेही कसं? 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपला प्रवास सुखरूप झाला असेल अशी आशा आहे. येथील सर्व कुशल आहे. पत्रास कारण की'. बस, मेसेज भरला.

साहेबांचा फोन ऑफिसात आला, लँडलाइनवर. "जोशीबाई, कारण काय?"

"ते दुसऱ्या मेसेजमध्ये आहे, साहेब. तो अजून टाईप होतोय!"

*

आणि आता शेवटचा किस्सा. तेव्हा मी स्वतः गडग्याखाली उभा होतो.

सुप्रियाला डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलाचे वडील मूळचे राजापूरकडचे. मुलगा येऊन बघून गेला आणि सुप्रियाला मनापासून आवडला. हे सावंत सोडून सगळ्या फॅक्टरीला माहीत होतं. "दोन दिवसांत फोनवर कळवतो," असं मुलाचे वडील सांगून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुप्रिया डबा द्यायच्या निमित्ताने फॅक्टरीत आली. डबा सावंतांनी सकाळीच आणला होता.

तेवढ्यात गडग्यावर फोन वाजला. एक रिंग, बंद.

"त्यांचाच!" सावंत ओरडले. "मिस्ड कॉल दिलान!"

"मग लावा की!" मुकादमभाई म्हणाले.

"मी का लावू? निरोप त्यांचा, फोन त्यांनी करायचा." आणि सावंतांनी उलट मिस्ड कॉल दिला.

पलीकडचे व्याहीही अस्सल आपल्याकडचेच. त्यांनी परत मिस्ड कॉल दिला. सावंतांनी परत. त्यांनी परत. चहा झाला, जोशीबाईंनी पर्स आवरली, बॉयलर निवला, तरी दोघे बाप हटेनात. बॅटरीची शेवटची कांडी उरली. सुप्रिया खाली उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. मला अगदी बघवेना.

मुकादमभाई हात जोडून म्हणाले, "अवो सावंत, पोरीकडे बघा जरा!"

सावंतांनी पोरीकडे बघितलं नाही, फोनकडे बघितलं. मग सुप्रिया चपला काढून गडग्यावर चढली, बापाच्या हातून तिने फोन घेतला आणि सरळ नंबर लावला. सावंतांच्या फोनवरचा तो पहिला आउटगोइंग!

पलीकडे मुलानेच उचलला. त्यानेही बापाच्या हातून घेतला असणार.

"मी सुप्रिया बोलतेय," ती म्हणाली. "बाबांचं चाललंय ते चालू दे. तुमचं काय ते सांगा."

ती ऐकत राहिली. तिचे कान लाल होत गेले. सावंतांनी कॉलची मिनिटं मोजायला घड्याळाचं मनगट वर केलं आणि तसंच खाली घेतलं.

"बरं," एवढंच म्हणून तिने फोन बंद केला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"अगो, काय सांगितलान?" सावंतांनी गडग्यावरूनच विचारलं.

सुप्रिया चपला घालत म्हणाली, "घरी पोचलीस की मिस्ड कॉल दे, म्हणाले."