मुसफ्फामार्गे यॉर्क

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. मेथीचे पराठे फॉइलमध्ये गुंडाळले, ब्रिटनच्या व्हिसाची फाइल पिशवीत टाकली आणि शारजाहून अबूधाबीची बस पकडली. काम एकच : नवऱ्याकडून, विवेककडून, त्याच्या कंपनीचं रजेचं पत्र आणायचं. तो अबूधाबीजवळच्या मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे, आठवडाभर तिथेच राहतो. आमची सई यॉर्कला शिकली. जानेवारीत तिचा पदवीदान समारंभ आहे.

शेजारी रत्नागिरीच्या एक खाला बसल्या होत्या, मुलाकडे निघालेल्या. एका कागदासाठी एवढ्या लांब चाललेय म्हटल्यावर म्हणाल्या, "माझा नवरा असता तर फोनवरच खलास केला असता." दुबईच्या जॅममध्ये त्यांनी खजूर दिले. जॅम सुटल्यावर बाहेर वाळू, विजेचे खांब, पुन्हा वाळू. लंडन ते यॉर्क तीनशे किलोमीटर, रेल्वेने दोन तास. आम्हाला दीडशेला तीन लागले.

हे आकडे विवेकचे. लग्न झाल्यापासून ऐकतेय. आधी वाफेची इंजिनं, मग त्याच मार्गावर सत्तरच्या दशकात आलेली, दोन्ही टोकांना इंजिन असलेली, ताशी दोनशेने धावणारी डिझेल गाडी, तिच्यातला बसून खायचा नाश्ता. त्या गाडीत बसण्यापुरते पैसे साठवू म्हणून आम्ही दोन वर्षांसाठी इथे आलो. बावीस झाली.

वर्कशॉपसमोरच्या कॅफेटेरियात त्याने करक (कडक, दुधाळ चहा) मागवला. पत्र नव्हतं. त्याने रजाच मागितली नव्हती.

"ती गाडी काढली गं त्या मार्गावरून," तो म्हणाला. "आता बहुतेक विजेच्या. उशीर केला आपण."

"सई आहे ना तिथे अजून?"

"तू जाऊन ये. मी फोटो बघेन."

परतताना सईचा मेसेज आला : "डॅड इज नॉट कमिंग, राइट? इट्स ओके, आई." मला गाड्यांमधलं फारसं कळत नाही. पण दोन वर्षांच्या बोलीवर आलेली माणसं सगळं पुढच्या वर्षावर ढकलतात, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पाहिलंय.

तिकडे आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला चालतं, पैसे परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंडन-यॉर्कची जानेवारीतली तशी दोन तिकिटं काढली, माझं आणि विवेकचं. फोटो आधी सईला पाठवला, मग विवेकला.