अळ्यांवर वाढलेल्या कोंबड्या

अपोंडी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्या डोक्यावरच्या टोपलीचा वास तिच्या अर्धा मैल पुढे चालत होता, आणि माझी सायकल मला न विचारता मागे वळली. टोपलीत किसुमू शहराच्या बाजारातला सडका भाजीपाला होता. त्यावर ती काळ्या माशीच्या अळ्या वाढवायची. खुराकात घालायची सरोवरातली सुकी मासळी महागल्यापासून तिच्या ब्रॉयलर कोंबड्यांना अळ्यांचंच खाणं होतं. कोंबड्या गुबगुबीत झाल्या, पण गावात गिऱ्हाईक मिळेना.

नवऱ्याला अंगणात पुरलं त्या दिवशी तिने त्याच कोंबड्या शिजवल्या. आमच्यात मानाचा तुकडा घरच्या थोरल्याचा. थोरला दीर होता ओचोला. तो खाईल, तर गाव खाईल आणि मग विकतही घेईल.

"गेमच्या लेकी," ओचोला तिला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "ह्या किडे खाऊन वाढल्यात."

"आणि तुमच्या कोंबड्या उकिरड्यावर काय बायबल वाचतात, भावोजी?"

रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. ओचोला हसला नाही. भावाच्या ओल्या मातीकडे बघत त्याने तुकडा उचलला आणि सावकाश खाल्ला.

मग सगळेच जेवले, भांडी रिकामी झाली. पण ते जेवण मयताच्या मानाचं होतं; विकत मात्र पुढे कोणी एकही कोंबडी नेली नाही. अपोंडीने खुराडं मोडून तिथे रताळी लावली.