सेल्माला आवाज देणारी

ताश्कंदमध्ये इनोबतला चेहऱ्याने कोणी ओळखत नसे. चिलोनझोर भागातल्या एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर ती राहायची, आणि शेजारणींच्या लेखी ती नुसती ‘वरची एकटी बाई’ होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला सोडून दुसरं लग्न केलं, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. तरुणपणी नाटकात नाव काढायचं म्हणून ती कोकंदहून इथे आली. नाटकात तिच्या वाट्याला दासी नाहीतर शेजारीण यापलीकडे काही आलं नाही. उंची कमी, चेहरा साधा. पण आवाज असा, की तिने नुसतं “चहा घेता का?” विचारलं तरी माणसाने हातातलं काम थांबवावं. शेवटी एका स्टुडिओत परदेशी मालिकांना उझबेक आवाज द्यायचं काम मिळालं, आणि ती तिथेच रमली.

मग ती तुर्की मालिका आली. संध्याकाळी ती लागली की गल्ल्या ओस पडायच्या. गोष्ट अशी होती: ओरहान नावाचा एक बडा जहाजवाला, सेल्मा ही त्याची बायको. ओरहानचं दुसऱ्या गावात दुसरं बिऱ्हाड, तिथे त्याला एक मुलगाही. सेल्माला हे कळतं, ती रडते, भांडते, गप्प बसते, आणि पुढे एका डॉक्टरवर तिचा जीव जडतो. एक दिवस ती घर सोडून त्याच्याबरोबर बोटीत बसून निघून जाते.

ओरहानचा आवाज स्टुडिओतल्या एर्गाश-अकाचा, म्हणजे एर्गाशदादाचा, सेल्माचा इनोबतचा. दोघं एकाच कोंदट खोलीत, कानाला तेच जुनाट हेडफोन लावून, शेजारी शेजारी उभे राहून बोलायचे. ओरहानने दुसरं बिऱ्हाड केलं तेव्हा काहीच झालं नाही. बायका म्हणाल्या, “घरी बायको तोंड पाडून बसलेली, पुरुषमाणूस करील काय?” सेल्मा बोटीत बसली आणि सगळं शहर पेटलं.

इनोबतला त्याची पहिली झळ बाजारात लागली. नेहमीच्या टोमॅटोवालीकडे तिने भाव विचारला मात्र, त्या बाईने मान वर केली.

“थांबा, थांबा. पुन्हा बोला बघू.”

“काय बोलू? टोमॅटो कसे दिले?”

“अगं बाई! तुम्हीच त्या! सेल्मा!” तिने शेजारच्या कांदेवालीला हाक मारली. “ये गं, बघ कोण आलंय. नवऱ्याला टाकून पळून गेलेली!”

“मी नुसता आवाज देते हो,” इनोबत हसून म्हणाली.

“आवाज देते म्हणे! मनात असल्याशिवाय असा आवाज निघतो होय? परवा तुम्ही ‘माझाही जीव आहे’ म्हणालात ना, आमच्या सुनेने ते ऐकलं आणि तेव्हापासून मला उलटून बोलायला लागली.”

बाई हसत होती, पण पिशवीत तिने मऊ पडलेले टोमॅटोच भरले. घरी येऊन इनोबतने ते निवडले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

पुढे हे रोजचंच झालं. एक टॅक्सीवाला सबंध रस्ताभर तिला संसाराच्या गोष्टी सुनावत राहिला आणि उतरताना वर म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका, बहिणीसारख्या आहात म्हणून बोललो.” तळमजल्यावरची म्हातारी तिच्या सलामाला उत्तर देईनाशी झाली. तिकडे एर्गाश-अका मात्र रोज नवी गंमत घेऊन स्टुडिओत यायचा. कोणी त्याला खरबूज फुकट दिलं, कोणा पोलिसाने गाडी अडवून आवाज ओळखला आणि मिठी मारून सोडून दिलं.

“मला म्हणाला, ‘अका, तिला परत घरात घेऊ नका हं!’” एर्गाश-अका पोट धरून हसला. “लोक भोळे आहेत, इनोबत. तू मनावर घेऊ नकोस.”

“तुम्हाला खरबूज मिळतं, म्हणून भोळे,” ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला कधी असं काही सोसावं लागलं नव्हतं, एवढंच.

हळूहळू इनोबतने घराबाहेर बोलणंच सोडलं. दुकानात बोटाने दाखवायचं, मान हलवायची, पैसे ठेवायचे. बसमध्ये कोणी काही विचारलं तर खिडकीबाहेर बघायचं. सकाळी स्टुडिओत गेलं की दिवसभर सेल्माचं बोलायचं, आणि संध्याकाळी दार लावून घेतलं की स्वतःचं बोलायला समोर कोणी नसायचं. रविवारी तर कित्येकदा अंधार पडेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग ती घसा खाकरून बघायची, आवाज आहे ना अजून म्हणून.

त्याच शरद ऋतूत तिच्या भाचीचं, दिलनवोझचं, लग्न ठरलं. कॉलेजची सगळी वर्षं ही मुलगी इनोबतच्या घरी राहिली होती. तिच्या वेण्या इनोबतनेच घालून दिल्या होत्या, आजारपणं काढली होती. इनोबतने लग्नाला घालायला रेशमी कापड आणलं, शिवूनही झालं. आणि कोकंदहून दिलनवोझच्या आईचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा, मुहय्योचा, फोन आला.

“ओपा, एक सांगायचं होतं. रागावणार नाही ना?”

“बोल की.”

“मुलाची आजी आहे ना, तोजिखोन बुवी, ती रोज ती मालिका बघते. सेल्मा दिसली की टीव्हीला चप्पल मारते म्हणे. तुम्ही या, यायलाच हवं. फक्त तिथे जरा... कमी बोला.”

“कमी म्हणजे किती?”

“घसा बसलाय म्हणून सांगू आपण. गळ्याला रुमाल बांधा. ओपा, पोरीचा संसार आहे हो.”

इनोबत गळ्याला रुमाल बांधून लग्नाला गेली. अंगणात मांडव, मोठमोठ्या कढयांत पलाव, सनईचा नुसता कल्लोळ. व्याह्यांनी लग्नाचं सूत्रसंचालन करायला खास ताश्कंदहून माणूस आणला होता, आणि तो होता एर्गाश-अका. तो माइक घेऊन उभा राहिला, ओरहानच्या थाटात “मित्रांनो!” म्हणाला, तशा बायकांनी टाळ्या पिटल्या. तोजिखोन बुवी स्वतः उठून आली आणि त्याचं कपाळ चुंबून म्हणाली, “फार सोसलंस रे लेकरा.”

आणि मग त्याला इनोबत दिसली.

“अरे, माझी सेल्मा इथे बसलीय!” तो आनंदाने ओरडला. “सगळे तिच्यावर रुसलेत, पण मी तिला माफ केलंय हो! ये, दोन शब्द बोल.”

हशा पिकला. मुहय्योचा चेहरा उतरला. एर्गाश-अकाने माइक पुढे केला, आता मान हलवून भागणार नव्हतं. इनोबतने गळ्याचा रुमाल सैल केला.

“दिलनवोझ, बाळा,” ती म्हणाली, “ज्या घरी जातेस तिथे तुला मोठ्याने हसता येऊ दे. माझं दुसरं मागणं नाही.”

आवाज तोच होता, सगळ्यांच्या ओळखीचा. बुरख्याआड दिलनवोझची मान खाली होती. नव्या नवरीने वर बघायचं नसतं.

“घसा तर चांगला ठणठणीत आहे,” तोजिखोन बुवी म्हणाली. “असंच गोड बोलून ओरहानला फसवलं असणार.”

शेजारच्या दोन बायकांनी आपल्या चहाच्या वाट्या थोड्या पलीकडे सरकवल्या. इनोबत पलाव येईपर्यंत बसून राहिली, चार घास खाल्ले आणि उठली. तिला पोचवायला बहीण फाटकापर्यंत आली नाही, पाहुण्यांत अडकली होती. एका शेजारणीच्या हाती दोन नान आणि थोडी मिठाई तेवढी बांधून पाठवली.

हिवाळ्यात मालिका संपत आली. सेल्माची बोट वादळात बुडाली. मरतानाचे हुंदके इनोबतने तीनतीनदा दिले, तेव्हा कुठे दिग्दर्शक खूश झाला. “छान मेलात,” तो म्हणाला आणि सगळे जेवायला गेले. शेवटच्या भागात ओरहान समुद्राकडे बघत रडला, दुसरी बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. शहरातल्या बायका ओरहानसाठी रडल्या.

पुढच्या मालिकेत इनोबतला एका सोशीक, नमाजी आईचं काम मिळालं. आता बाजारात आवाज ओळखला की लोक आदराने हात छातीवर ठेवू लागले. तळमजल्यावरची म्हातारी स्वतः होऊन सलाम करू लागली. इनोबत मान लववायची. पण पहिल्यासारखं थांबून बोलणं तिला पुन्हा जमलं नाही.

वसंतातली एक दुपार होती. ती खिडकी उघडी टाकून कपड्यांच्या घड्या करत होती, तेवढ्यात फोन वाजला.

“इनोबत का?” बाईचा म्हातारा, दबका आवाज. “मी दिलनवोझची आजेसासू. पोर ठीक आहे, घाबरू नकोस. सगळे शेतावर गेलेत.”

“बोला, बुवी.”

“नव्या मालिकेत काही राम नाही बघ. ती आई नुसती रडते.” म्हातारीने आवाज आणखी खाली आणला. “एक विचारू? ती सेल्मा बोटीत बसली ना, तेव्हा नोकर पेटी घेऊन धावत येतो. तेव्हा ती काय म्हणते? मी चप्पल शोधत होते, नीट ऐकलं नाही.”

इनोबतला हसू येता येता राहिलं.

“आमच्या ह्यांचंही नामनगानला एक घर होतं,” म्हातारी घाईने म्हणाली. “अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सण आला की आधी तिकडे जायचे. म्हण ना, पोरी. तिच्याच आवाजात म्हण.”

इनोबत हातातलं कापड ठेवून उभी राहिली.

“पेटी परत ने,” ती म्हणाली. “या घरातलं माझं म्हणावं असं काही मला भरायला सापडलंच नाही.”

पलीकडे म्हातारीने ते शब्द हळूच पुटपुटून बघितले. मग दार करकरलं, कोणीतरी लांबून “कोणाचा फोन, बुवी?” असं विचारलं.

“कोणाचा नाही गं,” म्हातारी मोठ्याने म्हणाली. “चुकून लागला.”

फोन बंद झाला. इनोबतने तो जागेवर ठेवला आणि राहिलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.