आमच्या मशिनींची भाषा कर्नलच्या बाहेर

मोखाड्याच्या पोरांनो, आज कारखान्यात एक वाद झाला. तुमचं मत सांगा.

मी वापीला कापड रंगवायच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. आमच्या जुन्या मशिनी जुन्याच प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या भाषेत, कॉम्प्युटरला तापमान कळवतात. सकाळी आमच्या सरांनी कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स सिस्टीम टाकली आणि स्क्रीनवरचे आकडे गेले. कर्नलमधून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातूनच, ती भाषा काढलेली होती, वापरणारे थोडेच उरले म्हणून.

मशिनीवरचे बिहारी चाचा भडकले. कापड बिघडलं तर बोलणी त्यांनाच बसतात. "चार ही लोग बोलते हैं, तो क्या गूंगे हो जाएँ?"

सर हसले. "चाचा, चार लोगों का बोझ पूरी दुनिया क्यों ढोए? बाहर से जोड़ देंगे."

मला सरांचं पटलं. तीन माणसांसाठी सूर्यमाळच्या पाड्यावर एसटी कशाला जाईल? जीप आहेच. दुपारपर्यंत मी ती भाषा बाहेरून जोडली, आकडे परत आले. चाचांनी चहा पाजला.

मग सर म्हणाले, "सिस्टीम बदलली की दर वेळी हे नव्याने जोडावं लागणार. आता हे तुझ्याकडे."

तेव्हा आपला जीपवाला आठवला. तो लग्नाला गेला की अख्खा पाडा पायी घाट उतरतो. एसटीचा ड्रायव्हर रजेवर गेला तर दुसरा येतो.

मी हो म्हणून मान हलवली. पुढच्या महिन्यात मी पुण्याला दुसरी नोकरी धरतोय, हे सरांना अजून सांगितलेलं नाही. चाचांनाही नाही.

आता सांगा, तुम्ही ती भाषा कुठे ठेवली असती?